मशीन घरात, मशीन खोक्यात

19 दिवस. शिवणाची मशीन घरात आलेली, पैसे चुकते केलेले, आणि ती खोक्यात. पहिल्या आठवड्यात त्या खोक्यावर पेपर साठले. दुसऱ्या आठवड्यात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली. "उंची बरी आहे हो याची," म्हणाल्या. टोमणा मला बरोबर कळला. नवीन मशीनचा हट्ट माझाच होता.

आईंची स्वतःची काळी उषा होती, पायमशीन. दांडिया बाजारातल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा जागेअभावी ती नणंदेकडे गेली. सरळ टिपेखेरीज तिला काही येत नव्हतं, पण झबल्यापासून जीन्सच्या चार पदरांपर्यंत काहीही पुढे करा, कुरकुर नाही. यंदा जन्माष्टमी झाल्यावर लेकीच्या चणियाचोळीचं कापड घेऊन शिंप्याकडे गेले, तर त्याने हातच जोडले. नवरात्रीच्या ऑर्डरी बंद. इतकी वर्षं बडोद्यात काढून मला हे माहीत असायला हवं होतं. त्याच्या दुकानाच्या पायरीवरच मी ठरवलं की आता मशीन घ्यायची.

निवडायला दोन संध्याकाळी पुरल्या. रावपुऱ्यात तीन दुकानं पाहिली. दुकानदार आधी टाके मोजून दाखवतो: याच्यात एवढे, त्याच्यात तेवढे, ही कॉम्प्युटरवाली, हिच्यात फुलं आणि बदकं. घरच्या शिवणाला लागतात तीन. सरळ टीप, झिगझॅग आणि काज. बदकं कोण शिवतं? काळी मशीन स्वस्त आणि दणकट, पण तिच्यात झिगझॅग नाही, म्हणजे कडा पिंजणारं कापड असलं की पुन्हा बाहेर धावायचं. झिगझॅगने कडा धरून राहते आणि साडीचं पिकोही निभतं. मात्र इंटरलॉकसारखी कडा कापत कापत शिवायची असेल तर ती वेगळी मशीन असते. "आमां बधुं थई जाय," म्हणजे हिच्यात सगळं होतं, असं सांगणाऱ्या दुकानातून मी बाहेर पडले.

मी काय काय बघितलं ते सांगते. बाही किंवा पायजम्याची मोहरी गोल शिवता यावी म्हणून पुढचा खण निघून बारीक हात उरतो का. कापड पुढे सरकवणारे खालचे दाते खटक्याने खाली जातात का (बटण लावायला आणि कापड हाताने फिरवत भरतकाम करायला). काज एका दमात होतं की चार वेळा चकती फिरवावी लागते. वजन उचलवतं का, कारण आमच्याकडे ती रोज कपाटात परत जाणार होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापड घरून न्या. दुकानात डेमोला दोन पदरी कडक मांजरपाट देतात. मांजरपाटावर कुठलीही मशीन सुंदर चालते! मी जॉर्जेटचा तुकडा आणि ह्यांच्या जुन्या जीन्सचा शिवणीवरचा जाड भाग नेला होता. एका मशीनने जॉर्जेट खाली ओढून गिळलं, दुसरी जीन्सच्या गाठीवर अडून घूं घूं करत राहिली. तिसरी दोन्हींतून गेली. ती घेतली, 14,000 च्या आसपास. हरतालिकेच्या आदल्या दिवशी.

इथपर्यंत सगळं छान होतं.

पैसे दिल्यावर दुकानदार म्हणाला, "बेन, सील तमे नहीं तोडता." कंपनीचा माणूस घरी येणार, तोच खोकं उघडणार, शिकवणार, कार्डावर शिक्का मारणार. आपण उघडलं तर वॉरंटी गेली. कधी येणार? "काले आवशे."

ज्यांना गुजराती येत नाही त्यांच्यासाठी सांगते: 'काले' म्हणजे काल पण आणि उद्या पण. कुठला, ते पुढच्या क्रियापदावरून कळतं. 'आवशे' म्हटलं की उद्या. मी तीन आठवडे हे व्याकरण गिरवत होते.

तिसऱ्या दिवशी फोन केला. माणूस आणंदला गेलाय, काले आवशे. पाचव्या दिवशी गणपतीमुळे सुट्टीवर. सातव्या दिवशी दुकानदार म्हणाला की हे आमचं काम नाही, कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर लावा. तिथे आधी भाषा निवडायची, मग वस्तू निवडायची (पंखा, गिझर, मिक्सर करत शेवटी शिवणयंत्र), मग संगीत, मग एक गोड मुलगी. तिने तक्रार क्रमांक दिला आणि 48 तास सांगितले. 48 तासांनी मी परत फोन केला, तेव्हा पुन्हा 48 तास. मी दुपारची कुठे बाहेर जात नव्हते, न जाणो त्याच वेळी यायचा. एकदा बेल वाजली म्हणून हातातली कणीक तशीच टाकून धावले, तर सोसायटीची वर्गणी.

बाराव्या दिवशी मेसेज आला: आपला डेमो यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे, कृपया सेवेला पाचपैकी गुण द्या. मी तो खोक्यासमोर उभी राहून वाचला. खोक्यावर आईंच्या लुगड्याची घडी होती. फोन लावला तर गोड मुलगी म्हणे, मॅडम, सिस्टीममध्ये तक्रार बंद दिसते आहे, नवीन नोंदवावी लागेल. म्हणजे परत 48 तास. गुण मी शून्य दिले असते, पण तिथे शून्य नव्हताच, एकपासून सुरुवात.

तोवर पितृपक्ष लागला. आई म्हणाल्या, "आता पंधरा दिवस नवी वस्तू काढू नकोस. घटस्थापनेलाच उघड." घटस्थापनेला उघडून त्याच रात्री गरब्याला चणिया कसा देणार होते मी? घेर आठ मीटरचा, त्याला खालून तेवढीच लेस. ह्यांनी मध्यस्थी केली: वस्तू हरतालिकेआधी घरात आलेली आहे, खोकं उघडणं म्हणजे खरेदी नव्हे. आईंना ते पटलं, किंवा माझा चेहरा बघून पटवून घेतलं.

एकोणिसाव्या दिवशी मी खोकं रिक्षात घातलं आणि दुकानात नेऊन काउंटरवर ठेवलं. पायाजवळ नाही, काउंटरवर, बिलबुकाच्या बरोबर वर. म्हटलं, मी इथेच बसते. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला माझ्या खोक्याआडून बोलावं लागत होतं. वीस मिनिटांत 'आणंदला गेलेला' माणूस स्कूटरवरून हजर. बहुतेक पलीकडच्या गल्लीतल्या आणंदहून आला.

डेमो सात मिनिटं चालला. सील फोडलं, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरली, दोरा ओवला, मांजरपाटावर (अर्थात!) दोन रेघा मारल्या, शिक्का, सही, पाचपैकी पाच द्या हं बेन. घरी येऊन वॉरंटीचं कार्ड पहिल्यांदा नीट वाचलं. सीलबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. वॉरंटी सुरू बिलाच्या तारखेपासून, म्हणजे 19 दिवस खोक्यातच संपलेले. तेव्हा कार्डाचा फोटो दुकानातच मागून घ्या आणि वाचा, तोंडी नियमांवर जाऊ नका.

आणि मग त्या रात्री मशीन लावली, तर चार टाक्यांनंतर कापडाखाली दोऱ्याचा मोठा गुंता. कापून काढला, परत तेच. बॉबिन काढून घातली, टेन्शनची, म्हणजे दोऱ्याच्या ताणाची, चकती इकडून तिकडे फिरवली, सुई बदलली. गुंता. टोल-फ्री नंबर माझ्या बोटांना पाठ होता, पण 48 तास हा शब्द परत ऐकण्यापेक्षा मी सकाळी मांडवीजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे मशीन घेऊन गेले. त्यांनी मला म्हटलं, दोरा तूच ओव. मी ओवायला लागले आणि त्यांनी माझा हात धरला. "बेटा, पग ऊंचो."

दोरा ओवताना कापड दाबून धरणारा पाय वर उचललेला हवा. पाय खाली असेल तर टेन्शनच्या दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत न जाता वरून सरकतो, त्याला ताण मिळत नाही आणि सगळा सैल दोरा खाली गोळा होतो. गुंता खाली दिसतो, पण दोष वरच्या दोऱ्याचा. बॉबिनला उगीच शिव्या घालत बसले होते मी. सात मिनिटांच्या डेमोत हे एक वाक्य बसलं नव्हतं. काकांनी पैसे घेतले नाहीत, मी बळेच चहाचे ठेवले.

त्यांच्याकडूनच दोन-तीन गोष्टी आणखी कळल्या. सुईची एक बाजू चपटी असते, माझ्याकडच्यासारख्या मशीनमध्ये ती मागे तोंड करून बसवायची. उलटी बसली की टाके सुटतात. रोजच्या सुती कापडाला 14 नंबर, जीन्सला 16, जॉर्जेटला 11, आणि टीशर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई. चाक हाताने फिरवायचं ते नेहमी आपल्याकडे. कापड काढताना दोरा ओढणारा दांडा सगळ्यात वर हवा, नाहीतर दर वेळी सुईतून दोरा निसटून जातो.

हो, नणंदेची एक गोष्ट राहिली. तिच्या दिराने अमेरिकेहून मशीन आणली होती, दिसायला काय सुरेख! ती होती 110 व्होल्टची, आपल्या 230 च्या प्लगमध्ये लावली आणि एका वासात कारभार आटोपला. परदेशातून कोणी प्रेमाने आणत असेल तर आधी तळाची पट्टी वाचायला लावा.

चणिया घटस्थापनेच्या दुपारी तीन वाजता झाला. लेस आठ मीटर, एकाच रंगाच्या दोऱ्याने, फक्त एका जागी जोड. जोड मागे आलाय, घेरात दिसत नाही. आईंनी चष्मा लावून आतली टीप तपासली, नखाने दोन ठिकाणी ओढून बघितली आणि काही न बोलता स्वतःचा एक उसवलेला परकर आणून मशीनवर ठेवला.

बॉबिनचं सांगायचंच राहिलं. जास्तीच्या घ्यायच्या असतील तर जुनी सोबत नेऊन उंची जुळवून घ्या. मी नजरेने घेतलेल्या सहापैकी चार कणभर जाड निघाल्या, आता त्यात लेकीचे कानातले आहेत.