वेदीच्या पायरीशी राहिलेली टोपली

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे पत्र हाती आले तेव्हा मी भट्टीसमोर उभा होतो आणि पिठाचे हात पुसण्याचेही भान न राहता मी ते उघडले. पत्रात शाळेच्या प्रगतीविषयी, इमारतीविषयी आणि सर्व गुरुजनांविषयी लिहावे असे सुचवले आहे. सर्वांचे ऋण मी मानतोच. परंतु लेखणी हाती घेतल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच व्यक्ती उभी आहे, आणि ती म्हणजे आमच्या बाई. त्यांचे नाव मी लिहीत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन त्यांनी आयुष्यभर पाळले आणि आपले नाव कोठेही छापू नये असे आम्हांला बजावून ठेवले. त्या काळात शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोण, हे माझ्या बरोबरच्यांना सांगावे लागणार नाही.

गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात ख्रिस्ती घरे थोडी. मराठी माध्यमाच्या आपल्या शाळेत माझ्या वर्गात आम्ही तिघेच ख्रिस्ती होतो. बाई आठवडाभर सर्वांना मराठी शिकवीत आणि रविवारी चर्चच्या व्हरांड्यात आम्हां मुलांची दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग, घेत. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो आणि ख्रिस्ताची कथा सुमारे ११,००० मराठी ओव्यांत सांगतो, तो ग्रंथ, म्हणजे ख्रिस्तपुराण, १६१६ मध्ये गोव्यातच रायतूरला छापला जातो, हे त्यांनी आम्हांला सांगितले तेव्हा मला प्रथम कळले की ज्या भाषेत माझे मित्र घरी ज्ञानेश्वरी ऐकतात, त्याच भाषेच्या ओवीत माझ्या देवाचीही स्तुती झालेली आहे. ख्रिस्तपुराणातील ओव्या त्या वर्गात संथ चालीवर म्हणत, आणि सगळा वर्ग, ख्रिस्ती आणि हिंदू, तीच चाल पुढे धरी.

बाईंची शिकवण अगदी साधी होती. देवावर भरवसा, देवाची भक्ती आणि देवाची आज्ञा या तीन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, असे त्या म्हणत. पेत्राने रात्रभर जाळे टाकून एक मासाही मिळवला नव्हता, आणि तरीही प्रभूच्या शब्दावरून त्याने दिवसाउजेडी पुन्हा जाळे टाकले, ही लूकच्या पाचव्या अध्यायातील गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढायला, जाणाऱ्या घरातला एक मुलगा पटकन म्हणाला, “बाई, रात्री न लागलेला मासा दिवसा कसा लागेल?” बाई म्हणाल्या, “पेत्रालाही तेच वाटत होते. पण त्याने जाळे टाकले. वाटणे आणि टाकणे यांत जे अंतर आहे, त्यालाच भरवसा म्हणतात.”

मला मुख्यतः एक घटना सांगायची आहे. ती १९७८ मधली आहे, मी सातवीत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही घरी पाय म्हणत असू, पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, होते. पहाटे तीन वाजता शामाय, म्हणजे माझी आजी, पिठाच्या पहिल्या गोळ्यावर क्रूस काढी आणि मगच कामाला सुरुवात होई. शाळेआधी सायकलवर पाटलो, म्हणजे पावाची टोपली, बांधून, भोंगा वाजवत पाव आणि त्याचेच प्रकार असलेले उंडे व पोई घरोघर पोहोचवणे हे माझे काम होते. त्या वर्षी मी माझ्या जिवलग मित्राची नवी कंपासपेटी न विचारता घेतली आणि ती माझ्या हातून ओहोळात गेली. गुरुजींनी विचारले तेव्हा, त्यानेच ती हरवली असे मी सांगितले. त्याला घरी मार बसला. त्याने माझे नाव कोणालाही सांगितले नाही, फक्त माझ्याशी बोलणे सोडले.

पंधरवड्याने नव्या कणसांचे फेस्त, म्हणजे चर्चमधला सण, आले. शेतातली पहिली कणसे आशीर्वादासाठी वेदीवर जात आणि त्यांच्याबरोबर आमच्या भट्टीतल्या उंड्यांची टोपली जाई. ती टोपली नेण्याचा मान त्या वर्षी मला मिळाला होता. पांढरा सदरा घालून मी आत शिरलो आणि टोपली वेदीच्या पायरीशी ठेवली. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, अजून थोडा वेळ होता. बाई माझ्याजवळ आल्या आणि शुभवर्तमानातल्या शब्दांत हळूच म्हणाल्या, “तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे का रे?” मी म्हणालो, “माझा कोणावर राग नाही, बाई.” त्या म्हणाल्या, “तुझा राग आहे का, असे प्रभूने विचारलेलेच नाही. तुझ्या भावाच्या मनात काय आहे ते विचारले आहे.” मी मान खाली घालून म्हणालो की मिस्सा संपल्यावर जातो. “नंतर नव्हे,” बाई म्हणाल्या, “आधी. अर्पण तेथेच वेदीपुढे ठेव आणि आधी जा, असे लिहिले आहे. टोपली येथेच राहील.”

भाऊ म्हणजे माझा मित्र, हे मला कळले होते. मी निघालो. बाहेर पाऊस कोसळत होता, शेतांचे बांध पाण्याखाली गेले होते आणि मी वहाणा हातात घेऊन धावत होतो. मित्राच्या घरी श्रावणातल्या आयताराची, म्हणजे रविवारची, पूजा मांडायची गडबड चालली होती. काकींनी मला भिजलेला पाहून आधी पंचा दिला आणि मग विचारले की सकाळी सकाळी काय झाले. मी सर्वांसमोर, म्हणजे त्याच्या वडिलांसमोरही, खरे सांगून टाकले. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खुंटीवरची छत्री काढली आणि माझ्याबरोबर चालू लागला. त्या वाटेवर आम्ही दोघेही गप्प होतो, पण छत्री तो माझ्या बाजूला झुकवत होता, हे मला आजही स्पष्ट आठवते.

आम्ही पोहोचलो तेव्हा मिस्सा संपली होती, माणसे घरी गेली होती आणि पाद्रीही दुसऱ्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, जायला निघून गेले होते. पहिल्या बाकावर बाई एकट्याच बसल्या होत्या आणि टोपली पायरीशी जशीच्या तशी होती. काय झाले, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी मला टोपली उचलून वेदीपुढे ठेवायला सांगितली, स्वतः गुडघे टेकले, आणि प्रार्थना झाल्यावर दाराशी थांबलेल्या माझ्या मित्राला आत बोलावून त्यातला पहिला उंडो त्याच्या हातात दिला. पुढच्या रविवारी त्यांनी जक्कयाची गोष्ट घेतली, ज्याने लुबाडलेले चौपट परत केले. मी त्याच संध्याकाळी वडिलांना सर्व सांगितले आणि माझ्या फेरीच्या पैशांतून नवी कंपासपेटी घेऊन दिली.

आज माझ्या दोन भट्ट्या आहेत, आठ माणसे हाताखाली काम करतात आणि मुलगी परिचारिका आहे. देवाची कृपा आहे. पहिल्या गोळ्यावर क्रूस काढण्याची शामायची रीत मी मोडलेली नाही. २०२० च्या मार्चअखेरीस सगळे बंद झाले, चर्चमध्ये लोकांसाठी मिस्सा होईनाशी झाली, तेव्हा पीठ किती दिवस पुरेल याच्या चिंतेत मी होतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही प्रार्थना पोदेराच्या घरात किती वेळा म्हटली गेली असेल; परंतु ‘आज’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवसांत समजला, कारण उद्याचे पीठ खरोखरच नव्हते. संध्याकाळी आमोरीच्या, म्हणजे घंटेबरोबरच्या सांजप्रार्थनेच्या, वेळी भट्टीपाशीच गुडघे टेकले, होते तेवढे भाजले आणि शेजारच्या घरांत वाटले.

बाई आम्हांला पाद्री जुझे वाझ यांच्याविषयी सांगत, तेव्हा ते अजून संत घोषित झालेले नव्हते. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेला हा माणूस १६८७ मध्ये मजुराच्या वेशात सिलोनला गेला आणि देवीच्या साथीत, आप्तांनीही टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्याने कँडीत केली. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. त्या दिवशी मी पोई घेऊन बाईंकडे गेलो. बाईंना दिसत नव्हते. मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि थोड्या वेळाने विचारले, “रुग्णालयातल्या लोकांना आज पाव पाठवलास का?” पाठवला नव्हता. तेव्हापासून रोज जातो.

बाई आता नाहीत. शाळेत मुले फार थोडी उरली आहेत, ज्या बांधांवरून मी धावलो ती शेते पडीक आहेत, आणि आमोरीची घंटा झाली तरी रस्त्यावर कोणी थांबत नाही. याचे मला मनापासून दुःख होते, आणि शाळेतला मराठीचा वर्ग बंद पडू नये यासाठी जे शक्य असेल ते करायची माझी तयारी आहे.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून हा लेख द्यावासा वाटत नाही. वडिलांच्या जागेवरून माझ्या धाकट्या भावाशी सहा वर्षे बोलणे नाही. मी बरोबर होतो असे मला अजूनही वाटते. पण त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे कागद पाकिटात घालण्याआधी गेल्या रविवारी, मिस्सेपूर्वी, मी त्याच्याकडे गेलो. घराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, मडगावला गेले आहेत, फेस्तानंतर येतील. तिच्याकडे पावाची पिशवी आणि निरोप ठेवला आहे. स्मरणिकेची मुदत परवा संपते म्हणून लेख पाठवीत आहे, आणि फेस्त झाल्याबरोबर पुन्हा जाणार आहे.