दोन इंच जास्तीचे

मुलाची नवी जीन्स पायात लोळत होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकली असती तर संध्याकाळपर्यंत अल्टर होऊन आली असती. पण घरात मशीन असताना पँट दुमडायला बाहेर द्यायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. दुपारची भांडी आवरली आणि मशीन उघडलं. आईचं आहे. काळं, पायाचं, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून निम्मी पुसलेली.

सोळा नंबरची सुई लावली (जीन्सला चौदाची घातली की कटकन मोडते), खडूनं खूण केली आणि टीप मारायला घेतली. बाजूच्या शिवणीपाशी आल्यावर मशीन नेहमीसारखं अडून बसलं. तिथे कापडाचे थरावर थर असतात. यावर आईचा उपाय म्हणजे खलबत्त्यातला बत्ता. शिवणीवर चार दणके हाणायचे, ती चपटी झाली की पाय उचलून हातानं चाक फिरवत एकेक टाका काढायचा. बत्ता सकाळीच मिऱ्यांना वापरला होता. जीन्सला थोडा वास लागला. असो.

एक पाय झाल्यावर बघितलं, तर दुमडीत मी चांगलं दोन इंच कापड आत सोडलं होतं. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे.

हे आमच्या घरचं दुखणं. शाळेचा निळा स्कर्ट 'वाढत्या अंगाचा' शिवायचा, आत चार इंच दुमड. मे महिना संपत आला की आई ब्लेडनं टाके उसवायची. आतल्या कापडानं कधी ऊन पाहिलेलं नसायचं, त्यामुळे विटक्या स्कर्टच्या खाली गर्द निळी पट्टी उघडी पडायची आणि मध्ये जुन्या घडीची पांढुरकी रेघ. ओलं फडकं घालून कितीही इस्त्री करा, ती रेघ जात नाही म्हणजे नाही. फ्रॉक असला तर आई रेघेवर नागमोडी लेस मारून मोकळी व्हायची. युनिफॉर्मला तीही सोय नव्हती. मग वर्गात एकमेकींच्या रेघा मोजायच्या. माझ्या दोन होत्या. एका मुलीच्या तीन, तिच्यासमोर मी जरा ताठ बसायची.

गांधीजींचा यंत्रांवर राग, पण शिलाई मशीनला त्यांनी १९२४ साली चक्क सूट दिली होती. सिंगरला म्हणे बायकोचे शिवणातले कष्ट बघवेनात, म्हणून त्यानं हे यंत्र केलं. आई ही गोष्ट फार कौतुकानं सांगायची. पुढे माझ्या वाचनात आलं की या आयझॅक सिंगरला चार-पाच बायकांपासून मिळून विसाच्या वर मुलं होती. एवढ्या पोरांचे कपडे दुमडायचे तर मशीन लागणारच! आईला मात्र हे मी कधी सांगितलं नाही.

आता दुकानात कुठलाही कपडा हातात आला की मी किमतीच्या आधी तो उलटा करून दुमड बघते. मुलगा चार पावलं लांब जाऊन उभा राहतो. अर्धा इंच असते, कधी तेवढीही नाही, नुसती ओव्हरलॉकची किनार. त्यात उसवणार काय?

शेवटच्या दोन वर्षांत आई पाठीतून वाकली. गाऊन पायात यायला लागले. पडेल, म्हणून सगळे गाऊन घेऊन मी याच मशीनवर बसले. किती कमी करायचे ते मोजलं, खालचं कापड सरळ कापून टाकावं म्हणून कात्री उचलली, तर पलंगावरून म्हणाली, "कापू नको गं. नुसतं दुमड."

चार इंच दुमडलं.

बॉबिन संपलीय. जीन्सचा दुसरा पाय अजून तसाच आहे.