विसावा की विसांवा

आमच्या घराचं नाव विसावा. पण ते फक्त कुरिअरवाल्याला फोनवर सांगण्यापुरतं, दारावर पाटी कधी लागलीच नाही. गेल्या पावसाळ्यात मला हुक्की आली की पाटी आपणच करायची, आणि रंगवून नाही तर जाळून. लाकडावर तापलेल्या टोकानं नक्षी काढतात ना, पायरोग्राफी, ते. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ आगीनं लिहिणं एवढाच. नाव भारी आहे, पण जत्रेतला बासरीवाला लालभडक सळईनं भोकं पाडतो किंवा बैलाला डाग देतात, त्यांचंच हे शिकलेलं भावंड.

खानापूरकडनं शिवणीची फळी आणली. सागवान नको म्हणाला वखारवाला, तेलकट असतंय आणि आधीच तपकिरी, त्यावर डाग काय उठून दिसणार? शिवण फिकी आणि मऊ. प्लायवूड तर नकोच नको, आतला गोंद जळला की डोळे चुरचुरतात आणि तो धूर छातीलाही वाईट. हत्यार म्हणजे घरातलीच २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, वायरी जोडायची.

लाकूड २०० अंशांच्या पुढं गेलं की तपकिरी व्हायला लागतं, ३०० च्या आसपास कोळसा. सगळी गंमत या मधल्या शंभर अंशांत. हात पटकन नेला तर चहाचा रंग, रेंगाळला तर बुक्का. दाबून काही होत नाही, उलट टोक रुततं. आणि बेळगावचा जुलै म्हणजे फळी सादळलेली, टोक टेकलं की नुसतं चुर्र, रंग येतोय कुठं, मग दोन दिवस चुलीजवळ ठेवून वाळवली, तेवढ्यात दोनदा लाईट गेली ते वेगळंच. आई स्वयंपाकघरातनं ओरडायची, "काय जाळालास रे? भाकरी करपल्यासारखा वास यायला!"

पाटी दोन्ही भाषांत करायची हे घरात आधीच ठरलेलं, वर मराठी, खाली कन्नड. इथं कुठली ओळ वर यावरनं काय काय होतं ते सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मला अडचण वेगळीच आली. आपली शिरोरेषा सरळ, फळीच्या रेषांना समांतर जाणारी, आणि लाकडात एक पट्टी टणक एक मऊ, टोक मऊ पट्टीत घसरतं आणि तिच्याच मागं लागतं. माझी शिरोरेषा गोकाकला निघून घटप्रभेला पोचली म्हणा की. कन्नड अक्षरं मात्र गोल गोल, रेषा ओलांडत वळत गेली, सुरेख उठली. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान फाटायचं म्हणून ती लिपी गोल झाली म्हणतात. मला एका दुपारीत पटलं.

शिरोरेषा कशीबशी सावरली. शेवटचा हात फिरवत होतो. खरं तर टोक आधी रद्दी लाकडावर टेकवून वरची गरमी घालवायची आणि मग सांबऱ्याला विमान उतरतं तसं चालत्या गतीत टेकायचं, कारण पहिला स्पर्श सगळ्यात गरम. घाईत थेट टेकवलं, नेमकं 'सा'च्या डोक्यावर. काळाकुट्ट ठिपका. वरवरचा डाग पॉलिश पेपरनं निघतो, पण हा खोल गेलेला. नाव झालं विसांवा.

तरी तशीच लावली. समोरच्या घरातला पोरगा बघून म्हणाला, "अंकल, बेंकी!" कन्नडात बेंकी म्हणजे आग, आणि हल्लीच्या पोरांत एकदम भारी, त्याला कुठला अर्थ म्हणायचा होता देव जाणे. संध्याकाळी रिटायर्ड गुरुजी फिरायला निघालेले, पाटीसमोर थांबले, चष्मा कपाळावर सारला, जवळ जाऊन वाचलं. मी खजील होऊन म्हटलं, चुकून पडला तो ठिपका.

"चुकला कुठं?" गुरुजी म्हणाले. "१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी आम्ही अनुस्वार देऊनच लिहीत होतो की. आता कुणी काढायला सांगितलं तरी काढू नकोस."

काढणार कशानं, गुरुजी?