महानगरांतले स्थलांतरित : टक्क्यांची क्रमवारी मोडली, आता दोन आकडे

महानगरांतले स्थलांतरित किती आणि किती देशांतून आलेले, याची तुलना करणारी एक शीट मी ठेवतो. सध्या तिच्यात टोरांटो, न्यूयॉर्क, लंडन, मायामी, लॉस एंजेलिस, सिडनी आणि मेलबर्न एवढीच शहरं ठेवली आहेत. दुबई काढून टाकलं. तिथे परदेशी लोकांचा वाटा जगात सगळ्यांत वरच्यांपैकी आहे, पण कोण कुठल्या देशाचं याची तपशीलवार अधिकृत वर्गवारी मिळत नाही, आणि ऐकीव अंदाजांवर दशांशापर्यंत गणितं करत बसण्यात काही राम नाही. पॅरिस तूर्तास बाजूला आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी जुनी तक्रार. 'सर्वांत बहुरंगी शहर' म्हणून फिरणाऱ्या बहुतेक याद्या फक्त टक्का बघतात. २०२१च्या जनगणनेत टोरांटो महानगर क्षेत्रातले ४६.६ टक्के लोक स्थलांतरित होते. त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रिटनबाहेर जन्मलेले ४०.६ टक्के. मायामी-डेड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तर निम्म्याच्याही वर. म्हणजे मायामी पहिलं? टक्क्याच्या हिशेबाने हो. पण त्या काउंटीतल्या परदेशात जन्मलेल्यांपैकी जवळपास निम्मे एकट्या क्यूबाचे आहेत. बाहेरून किती आले हा एक प्रश्न आणि किती ठिकाणांहून आले हा दुसरा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की यादी बिघडलीच म्हणून समजा.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी सिम्पसनचं सूत्र वापरतो. एडवर्ड सिम्पसनने ते १९४९ साली 'नेचर'मध्ये मांडलं (हा गडी युद्धकाळात ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर होता), आणि तेव्हापासून झाडं, किडे, पक्षी मोजणारे ते वापरत आले आहेत. प्रत्येक देशाच्या वाट्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. शहरातले कुठलेही दोन स्थलांतरित उचलले तर ते एकाच देशात जन्मलेले निघण्याची शक्यता म्हणजे ही बेरीज. एकाला त्या बेरजेने भागलं की 'प्रभावी देशसंख्या' मिळते. सगळे वाटे समान असते तर हीच विविधता किती देशांत मिळाली असती, ते हा आकडा सांगतो. बरेच जण ती बेरीज एकातून वजा करून आकडा देतात, पण तशा ०.९६ आणि ०.९७मधला फरक डोळ्याला दिसत नाही. तोच २५ आणि ३३ असा आला की लगेच कळतो.

याच्यात एक गंमत आहे, ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जरूर करून बघावी. पूर्ण तक्ता हातात नसला तरी पहिल्या एक-दोन देशांवरून वरची मर्यादा काढता येते. एका देशाचा वाटा निम्मा असेल तर त्याचा वर्ग ०.२५, म्हणून प्रभावी देशसंख्या ४ च्या वर जाऊच शकत नाही, मग उरलेल्यांत शंभर देश असोत. मायामी-डेड तिथेच अडकतं. आता हद्द बदला. मायामी महानगर क्षेत्र म्हणजे मायामी-डेड, ब्रॉवर्ड आणि पाम बीच या तीन काउंट्या. ब्रॉवर्डमध्ये हैती आणि जमैकाचे लोक भरपूर, त्यामुळे क्यूबाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो आणि मर्यादा एकदम ९ वर जाते. माणसं तीच, फक्त रेघ लांब ओढली. म्हणून यापुढे शहर, काउंटी की महानगर क्षेत्र हे न लिहिता दिलेला आकडा मी शीटमध्ये घेणार नाही, कुणीही पाठवला तरी.

न्यूयॉर्क शहराची तऱ्हा उलटी. तिथे पहिला क्रमांक डॉमिनिकन रिपब्लिकचा, दुसरा चीनचा, आणि दोघांचेही वाटे परदेशात जन्मलेल्यांच्या सात-आठव्या हिश्शाच्या आसपास. पुढे जमैका, मेक्सिको, गयाना अशी लांबच लांब रांग. लंडन त्याहून सपाट. २०२१मध्ये भारतात जन्मलेले सुमारे ३ लाख २२ हजार, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या फक्त ९ टक्के. दुसरा रोमानिया, जेमतेम ५. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोचा वाटा एवढा मोठा आहे की बाकी सगळं जग तिथे असूनही आकडा वर चढत नाही. हे काहींना पटत नाही. 'अहो, तिथे आर्मेनियन आहेत, कोरियन आहेत, फिलिपिनो आहेत' असं म्हणतात. आहेतच की. पण ते मोजायचं तर वर्ग न करणारं, छोट्या गटांना जास्त किंमत देणारं शॅननचं माप लागतं. म्हणून आता प्रत्येक शहरापुढे दोन्ही मापं ठेवतोय, आणि क्रमवारीचा कॉलम उडवलाय.

आता खरी डोकेदुखी. 'स्थलांतरित' कोण, यावर कुठल्याच दोन देशांचं जमत नाही. कॅनडाच्या लेखी तो म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना कधीतरी मिळालेला माणूस; शिकायला आलेला विद्यार्थी किंवा तात्पुरत्या परवान्यावरचा कामगार त्यात धरत नाहीत. अमेरिका जन्माने अमेरिकी नागरिक नसलेल्या प्रत्येकाला धरते, कागदपत्रं असोत-नसोत. पण पोर्तो रिकोत जन्मलेले जन्मतःच नागरिक, म्हणून न्यूयॉर्कचा एवढा जुना आणि मोठा समाज या तक्त्यात दिसतच नाही. ब्रिटन फक्त जन्मस्थान बघतं, त्यामुळे जर्मनीतल्या ब्रिटिश छावण्यांत जन्मलेली सैनिकांची मुलं 'जर्मनीत जन्मलेले' म्हणून येतात. फ्रान्समध्ये बरोबर उलट. परदेशात जन्मलेला, पण जन्मतः फ्रेंच नागरिक असलेला माणूस 'इमिग्रे' नाही. अल्जीरियातून परतलेले फ्रेंच त्यामुळे वगळले जातात. पॅरिस अडकलंय ते इथे.

कॅनडासाठी मी स्थलांतरित आणि तात्पुरते रहिवासी अशी बेरीज करून घेतो, म्हणजे अमेरिकेच्या जवळ जाता येतं. तसं केलं की टोरांटोत भारताचा वाटा चढतो, आणि आधीच मोठा असलेला वाटा वाढला की प्रभावी देशसंख्या खाली येते. टोरांटोप्रेमींनी रागवू नये. सिडनी-मेलबर्नच्या बाबतीत २०२१ हे वर्षच अवघड आहे. जनगणना ऑगस्टमध्ये झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, विद्यार्थी मोठ्या संख्येने बाहेर अडकलेले. शिवाय तिथे १०० मधून स्थानिक जन्माचे वजा केले की परदेशी मिळत नाहीत. उत्तरच न देणारेही त्या वजाबाकीत येऊन बसतात. कॅनडाचे आकडे गोपनीयतेसाठी ५ च्या पटीत आणलेले असतात, त्यामुळे छोट्या देशांची बेरीज जुळली नाही तर सूत्रात चूक शोधत बसू नका.

आणि हे सगळं सरळ केलं तरी देश हे एकक बरोबर आहे का? कॅरिबियनमधलं प्रत्येक बेट एक ओळ : जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, ग्रेनाडा. एकशेचाळीस कोटींचा भारतही एकच ओळ. न्यूयॉर्कचा आकडा फुगतो त्यात या बेटांचा चांगलाच हात आहे, आणि टोरांटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनचे पंजाबी व टोरांटोतले मल्याळी एका ओळीत दबतात. उलट तमिळ समाज श्रीलंका आणि भारत अशा दोन ओळींत फुटतो. लंडनच्या हॅरो-वेम्बली पट्ट्यातले कितीतरी गुजराती केनिया आणि युगांडाच्या नावावर आहेत, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या रिचमंड हिलमधले भारतीय वंशाचे लोक गयानाच्या.

यावर उपाय म्हणून भाषांचे तक्ते जोडायला घेतलेत. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मराठीची स्वतंत्र ओळ आहे. अमेरिकेच्या सविस्तर भाषा-तक्त्यात मात्र 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' असा एकच खण! काठमांडू आणि कोल्हापूर एका गाठोड्यात. त्यामुळे भाषेच्या मापात अमेरिकी शहरं जात्याच थोडी कमी दिसणार. तीन देशांसाठी भाषांची एकच समान यादी बनवणं चालू आहे, त्यात आशियाई भाषांचा भाग जवळपास झालाय, आफ्रिकेचा अजून कच्चा आहे.

त्यानंतर शहराच्या आत शिरायचंय. सरासरीने विविध असलेलं शहर गल्लीगल्लीत एकेरंगी असू शकतं, आणि क्वीन्समधल्या एल्महर्स्टसारखा भाग एकटाच अख्ख्या शहराएवढा मिसळलेला असू शकतो. अमेरिकेत एवढ्या छोट्या भागासाठी पाच वर्षांचे एकत्रित अंदाजच वापरावे लागतात आणि त्यातला मार्जिन ऑफ एरर (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ती मर्यादा) कधीकधी आकड्याएवढाच असतो. आधी देश एकत्र करून ओळी कमी करायच्या की शेजारचे भाग जोडून लोकसंख्या वाढवायची, हे ठरत नाहीये. माझा कल भाग जोडण्याकडे आहे, कारण देश एकत्र केले तर मोजायला उरलं काय? कुणी लंडनच्या वॉर्डांसाठी असं केलं असेल तर कुठल्या हद्दी धरल्या ते सांगा, म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडन दोन्ही शहरांना एकच नियम लावता येईल.