दादरचा झेंडू आणि शंभरचा रोल

मोबाइलवर झेंडूच्या ढिगाचा फोटो काढून बघा. पाकळ्या दिसतच नाहीत, नुसता केशरी डाग दिसतो. रोलच्या कॅमेऱ्यातली रंगीत फिल्म, म्हणजे कलर निगेटिव्ह, मात्र जास्तीचा उजेड सोसते आणि पाकळीची कड शाबूत ठेवते. एवढ्यासाठी, दादरच्या फुलबाजारातला झेंडू काढायला, मी दसऱ्याच्या आधी नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली.

रोल घ्यायला फोर्टात बोरा बाजारात गेले. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण दुकानातल्या काकांनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. फिल्मबद्दल बोलायला नाशकात मला कुणी भेटत नाही, त्यामुळे तेवढ्यानंही भरून आलं.

मी कोडॅकची एक्टार १०० ही फिल्म मागितली. बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे कण बारीक, लाल-केशरी रंग खुलून येणारे. झेंडूसाठी दुसरं काय हवं?

"उजेड कुठला?" काकांनी विचारलं.

"दादरची फुलं काढायचीत."

"फुलं कळली गं. उजेड विचारतोय."

पहाटेचा म्हटल्यावर त्यांनी अल्ट्रामॅक्स ४०० पुढे सरकवली. आकडा मोठा, म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म. मी दोन्ही घेतल्या. रात्री परळला आत्याकडे कॅमेऱ्यात भरली ती एक्टारच.

पहाटे पाचला दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. खाली देठं, पानं, चिखल. डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं ओरडत अंगावर येत होती आणि मध्ये उभं राहणाऱ्याची तिथे कुणी गय करत नाही. करूही नये, ती त्यांची धंद्याची वेळ. झेंडू, शेवंती, ॲस्टर, आंब्याचे टाळे. वर निळ्या ताडपत्र्या, त्यांच्याखाली लटकणारे उघडे बल्ब.

एका मावशींनी बाजूला बसायला जागा दिली. त्या हार ओवत होत्या. सुई, दोरा, फूल. नजर न वळवता. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, २ वर इतकं मोठं उघडूनसुद्धा शटर सेकंदाच्या ३०व्या भागावर आलं. इतक्या वेळात ओवणारा हात कितीतरी पुढे जातो. ४००ची फिल्म असती तर चौपट वेगाने शटर मारता आलं असतं. ती पिशवीत होती, पण अर्धा रोल झालेला, मध्येच बदलायला मन होईना. त्यात चौकटीत बल्ब आला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याच्याच उजेडाला भुलायचा आणि बाकीचं अंधारात राहायचं, हे मला तेव्हा उमगलं नाही.

"दाखव बघू," मावशी म्हणाल्या.

यात लगेच दिसत नाही, धुवून आणावा लागतो, असं सांगितलं. त्यांनी हात थांबवला. "मग आणून दे हं, पोरी." त्या क्षणापासून उरलेले सगळे फोटो माझ्यासाठी नव्हतेच.

पुढचे दोन दिवस आत्याच्या घरी गेले.

रोल धुवून आला. झेंडूची पाकळी न् पाकळी सुटी, ओलसर, अगदी मला हवी होती तशी. मावशींचा हात मात्र हललेला, आणि चेहरा कमी उजेडात राहिल्याने निळसर. एक्टारला उजेड कमी पडला की सावल्या निळ्या होतात, हे वाचलेलं होतं. ते एका ओळखीच्या चेहऱ्यावर बघणं फार लागलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ४०० भरूनच गेले, एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायचा हे ठरवून.

आधी तो जुना प्रिंट त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिल्यांदा फुलं पाहिली.

"कलकत्ता झेंडू. भिजलेला माल होता त्या दिवशी." मग चेहऱ्यावर बोट ठेवलं. "मी अशी निळी कशानं?"

"ताडपत्रीचा उजेड, मावशी."

त्यांनी मान वर केली, बराच वेळ ताडपत्रीकडे बघितलं. मग हारांची पाटी ओढत बाहेर, उघड्या आभाळाखाली जाऊन बसल्या. "आता काढ," म्हणाल्या.