लंडनपेक्षा नाशिकला पाऊस जास्त, तरीही टँकर

लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि नाशिक शहरात ७०० च्या आसपास, असे सांगितले तर घरात कोणाचाच विश्वास बसत नाही. नोकरीनिमित्त तिकडे राहणारा माझा भाचा दर फोनवर तिथल्या पावसाबद्दल कुरकुरत असतो, आणि इकडे सिन्नर-येवल्याच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळा लागत नाही तोच टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. आकडे मात्र बरोबर आहेत. लंडनचा पाऊस बाराही महिन्यांत जवळजवळ सारखा विभागलेला असतो. वर्षातले शंभराहून अधिक दिवस तो थोडाथोडा भुरभुरतो, आणि हवा थंड असल्यामुळे पडलेले पाणी मातीत बराच काळ टिकून राहते. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही काही मोजक्या झडींत कोसळतो, बराचसा ओढ्यानाल्यांवाटे निघून जातो, आणि जो उरतो त्याच्यावर एप्रिल-मे महिन्यांतले ऊन टपलेलेच असते. गंगापूरचे धरण नसते, तर नाशिककरांचे हाल होळीच्या आधीच सुरू झाले असते.

त्यामुळे दोन देशांची तुलना करताना वार्षिक सरासरी पुढे करण्याची सवय मला फारशी उपयोगाची वाटत नाही. पाऊस किती पडतो याच्याआधी तो कधी पडतो हे विचारावे, आणि देश कोणता याच्याआधी डोंगराची बाजू कोणती हे विचारावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच मिळते. इगतपुरीला पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तिथून पूर्वेला सिन्नरकडे उतरले की तोच आकडा ५००-६०० वर येतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने जड वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. पलीकडे उतरताना ते कोरडे आणि उबदार झालेले असतात. परिणामी पश्चिमेला भात आणि नागली, पूर्वेला बाजरी आणि कांदा. एका जिल्ह्याचे हवामान एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ‘भारताचे हवामान’ या शब्दांना कितपत अर्थ उरतो? हवाई बेटांपैकी सर्वांत मोठे बेट जवळजवळ नाशिकच्याच अक्षांशावर आहे. तिथे पूर्व किनाऱ्यावरच्या हिलो गावात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शंभर किलोमीटरच्या आत, पश्चिम किनाऱ्यावरच्या कावायहाए इथे जेमतेम २५०. मध्ये उभा आहे ४,२०७ मीटर उंचीचा मौना केआ. फरक एवढाच की तिथले वारे ईशान्येकडून येतात.

अक्षांशाचा विषय निघालाच आहे, तर नकाशावर विसाव्या उत्तर अक्षांशाच्या आसपास बोट फिरवून पाहावे. मक्का शहर २१ अंशांवर आहे आणि तिथे वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पट्ट्यात हवा वरून खाली उतरते, त्यामुळे ढग बनायला वावच राहत नाही, आणि सहारापासून अरबस्तानापर्यंत वाळवंटांची रांग दिसते. या हिशोबाने नाशिकही रखरखीतच असायला हवे होते. दक्षिणेला पसरलेला हिंदी महासागर आणि उत्तरेला उन्हाळ्यात तापणारी प्रचंड जमीन, तिबेटचे पठार आणि हिमालय, यांच्यामुळे वाऱ्यांची दिशा ऋतूप्रमाणे उलटते, म्हणून आपण वाचलो.

नाशिकचे खरे भावंड मला मेक्सिकोत सापडते. ग्वादालाहारा हे शहर २०.७ अंशांवर, समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून अधिक उंचीवर, ज्वालामुखी खडकांच्या प्रदेशात वसलेले आहे. तिथेही मे महिना वर्षातला सर्वांत उष्ण असतो, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तापमान उतरते, जुलै-ऑगस्ट ओलेचिंब जातात आणि हिवाळा कोरडा, निरभ्र असतो. फक्त उंची आपल्या अडीचपट असल्यामुळे तिथला मे आपल्या मेपेक्षा बराच सौम्य. या दोन शहरांत जितके साम्य आहे, तितके नाशिक आणि चेन्नईतही नाही; चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर येतो.

थंडीचे गणित वेगळे आहे. व्हिएतनामची राजधानी हनोई आपल्याच पट्ट्यात असूनही तिथला हिवाळा ढगाळ, ओलसर आणि रिपरिप पावसाचा असतो, कारण चीनकडून येणाऱ्या थंड हवेला अडवायला वाटेत मोठी भिंत नाही. आपल्याला हिमालयाची भिंत आहे, तरीही निफाडला कधी कधी पारा दोन-तीन अंशांपर्यंत घसरतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब रात्रभर वर निसटत राहते आणि जड झालेली थंड हवा नदीकाठच्या सखल शिवारात साचते. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेच्या बांधावर शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू ठेवतात. साखर भरत आलेला मणी थंडीने तडकला, तर त्याला निर्यातीत कोणी विचारत नाही.

द्राक्षवेल ही मुळात समशीतोष्ण हवेतली. फ्रान्समध्ये बोर्दोची वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमाराला तोडणीला येते. आपल्याकडे तिला झोपवण्याइतकी थंडीच नसते, त्यामुळे कात्रीने तिचे वर्ष ठरवावे लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी करून फळ धरायचे. गोडी छाटणी लवकर केली तर बाजारभाव चांगला मिळण्याची आशा असते, पण परतीच्या पावसात डावणी हा बुरशीचा रोग कोवळी फूट आणि घड खाऊन टाकते. उशीर केला तर माल मार्च-एप्रिलच्या उन्हात आणि गर्दीच्या बाजारात सापडतो. बोर्दोच्या शेतकऱ्यापुढे हा पेच नाही. त्याचा शत्रू एप्रिलमधला दहिवर, म्हणजे गोठलेले दव. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या बागांत रात्रभर आगी पेटवाव्या लागल्या, त्या कोवळे कोंब वाचवण्यासाठी. आपल्या शेकोट्या असतात मण्यांसाठी.

युरोपच्या बाजारात आपल्याशी स्पर्धा करणारा मध्य चिली तर ऋतूंच्या बाबतीत पुरता उलटा आहे. तिथे पाऊस मे ते ऑगस्ट या हिवाळ्यात पडतो, उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, आणि बागांना पाणी मिळते ते अँडीजच्या बर्फावर पोसलेल्या नद्यांचे. फळ पिकण्याच्या काळात पावसाची धास्ती नाही, हे तिथल्या शेतकऱ्याचे मोठेच सुख, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटतो. जानेवारी २०२१ च्या अखेरीस मात्र तिथेही ऐन तोडणीच्या हंगामात अवकाळी पाऊस कोसळला आणि खाण्याच्या द्राक्षांचे मोठे नुकसान झाले.