बोगनवेलीची एक शीट आणि पेन्सिलीतला ११३

गठ्ठा बाहेरून ठीकच दिसत होता. उचलला तेव्हा टेबलावर पिवळट पिठासारखी एक रेघ उरली, आणि त्या रेघेने पुढच्या पाच दिवसांचं वेळापत्रक बदललं. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, असा भुसा दिसला की गठ्ठा उघडायचा नाही, झटकायचा तर अजिबात नाही. जिथे आहे तिथेच पॉलिथिनच्या पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, तोंड सीलबंद करायचं आणि वरून दुसरी पिशवी चढवायची.

भुसा तंबाखूच्या भुंगेऱ्याचा होता. हा किडा दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी, डोकं छातीखाली दुमडलेलं, त्यामुळे वरून पाहिलं तर कुबड्या वाटतो. वाळवलेल्या वनस्पतींचं खरं नुकसान त्याची अळी करते. पानांवर दिसणारी सुबक गोल भोकं प्रौढ भुंगेरा बाहेर पडताना पडतात. म्हणजे भोक दिसेपर्यंत जेवण उरकलेलं असतं. नवखे लोक भोकं मोजतात. आम्ही भुसा ताजा आहे की जुना ते बघतो. ताजा भुसा फिकट आणि सैल असतो, रोज पुसूनही परत दिसतो.

गठ्ठा उणे ३० अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवला. उणे २० चाच फ्रीझर असेल तर एक-दोन आठवडे तरी लागतात. थंडी झटकन पोचली पाहिजे. तापमान सावकाश उतरलं तर किडे सरावतात आणि काही वाचतात. म्हणून फ्रीझर ठासून भरायचा नाही आणि गठ्ठे जाड बांधायचे नाहीत. मात्र बहुतेक चुका बाहेर काढल्यावर होतात. थंडगार गठ्ठा लगेच उघडला तर खोलीतल्या हवेतली वाफ कागदावर पाणी होऊन बसते, चिकटवलेलं सुटतं, मागाहून बुरशी येते. पिशवी न फोडता चोवीस तास खोलीत पडू द्यायची. चोवीस तास गठ्ठ्याकडे नुसतं बघत बसणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं कौशल्य आहे.

पाचव्या दिवशी पिशवी फोडली. चाळीस शीट होत्या, म्हणजे नमुना चिकटवलेले चाळीस कागद. सतराव्या शीटवर बोगनवेल होती.

पहिल्या नजरेत तीन गोष्टी दिसल्या. पानांच्या कडेने कागदावर राखाडी-काळपट सावली उमटलेली होती. ही मर्क्युरिक क्लोराईडची खूण. किडीपासून बचाव म्हणून पूर्वी वनस्पती त्याच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवत किंवा त्याचा हात फिरवत. ते विष दशकानुदशकं टिकतं आणि त्यातून पाऱ्याची वाफ निघत राहते. त्यामुळे नायट्राईलचे हातमोजे घालायचे, वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात काम करायचं, आणि नमुन्यावरची धूळ तोंडाने कधीही फुंकायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, विष असूनही कीड लागली होती, आणि ती नेमकी ओळीत लागली होती. भोकं खोडाच्या दोन्ही बाजूंनी, जिथे खळ लावली होती तिथेच. पिठाची खळ म्हणजे या भुंगेऱ्यांना आमंत्रणच. नमुना आधी विषात बुडवला गेला आणि नंतर कधीतरी बिनविषारी खळीने चिकटवला गेला, एवढं त्यावरून कळतं. तिसरी गोष्ट चिकटपट्टी. कुणीतरी मधल्या काळात सुटलेलं पान पारदर्शक चिकटपट्टीने बसवलं होतं. पट्टी पिवळी पडली होती, तिचा गोंद कागदात झिरपून तेलकट डाग झाला होता. वाळवीपेक्षा मला चिकटपट्टीचा जास्त राग येतो. वाळवीला निदान कळत नसतं.

पण शीट वाळवली होती ती फार जाणत्या हाताने. बोगनवेल प्रेसमध्ये, म्हणजे वनस्पती दाबून वाळवायच्या फळ्यांत, नीट बसत नाही. खोड जाड, पानं पातळ. सगळा दाब खोडावर जातो आणि पानं मोकळी राहून सुरकुततात. काटे टिपकागदात घुसतात, शेजारचा नमुना फाडतात. सगळे काटे छाटून टाकणं सोपं असतं, पण मग ओळखीची एक खूणच जाते. या माणसाने खोड उभं चिरून अर्धं केलं होतं. खालच्या अंगाचे काटे बुडाशी तिरके कापून त्यांचे खुंट ठेवले होते आणि वरच्या अंगाचे दोन काटे अखंड राखले होते. एक पान मुद्दाम उलटं घातलं होतं, कारण लव मागच्या बाजूला बघावी लागते. फुलांचा एक गुच्छ अखंड होता, आणि बाजूला एक छद सुटं करून पसरलेलं होतं.

छद हा शब्द इथे हवाच. बोगनवेलीचं गुलाबी-जांभळं जे दिसतं ते फूल नव्हे. ती तीन रंगीत पानं, म्हणजे छदं. आणि प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एकेक बारीक, नळीसारखं, फिकट फूल चिकटलेलं असतं. त्या फुलाला पाकळ्या नसतातच. गुलबक्षी हिच्याच कुळातली. तिथेही आपण ज्याला पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसतात.

आता जुन्या कागदावरून नमुना सोडवायचा होता. नेहमीची पद्धत अशी : मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात कालवायची एक सौम्य खळ) घट्टसर लेप खळीच्या जागी लावायचा, पंधरा-वीस मिनिटं ओल मुरू द्यायची, मग बोथट पात्याने हळूहळू उचलायचं. लेप लावण्याआधी चाचणी करतो. शीटवरच्या सुट्या तुकड्यांच्या पुडीतला छदाचा नखाएवढा तुकडा घेतला, ओलसर कापूस त्यावर दहा सेकंद धरला. कापसावर गुलाबी डाग आला.

इथेच शीट वाचली. गुलाब किंवा जांभळाचा रंग अँथोसायनिन गटातला असतो. बोगनवेल, गुलबक्षी, बीट, लाल माठ यांचा रंग बीटालेन गटातला. हे दोन गट एकाच झाडात एकत्र सापडत नाहीत. बीटालेन पाण्यात सहज विरघळतात, बीट चिरताना हात रंगतात ते त्यामुळेच. वाळवून इतकी वर्षं झाली तरी या छदांत थोडा रंग शिल्लक होता. लेप लावला असता तर तो कागदात उतरला असता आणि छदं मातकट झाली असती. मग ओला मार्ग फक्त खोडापुरता ठेवला. छदांच्या भोवतीने जुना कागद पातळ सुरीने कापला आणि छदं त्या कागदाच्या तुकड्यासकट उचलली. चिकटपट्टीचा वरचा थर गरम पात्याने सुटला. डाग मात्र तसाच राहिला आणि राहू दिला. तो काढायला लागणारी द्रावणं पानालाही सोडणार नाहीत.

खोड उचललं आणि त्याखाली दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी निघाली. पाव बोटाएवढी. तिच्यावर पेन्सिलीने ११३.

शीटवरचं लेबल शाईचं, वळणदार अक्षरातलं : वनस्पतीचं नाव, संग्राहकाचं नाव, महिना, वर्ष आणि क्रमांक ११३. पण चिठ्ठीवरचे आकडे त्या हाताचे नव्हते. लेबलावरचा एकचा आकडा वर वळण घेऊन सुरू होतो, चिठ्ठीवरचा सरळ काठी. लेबलावरच्या तीनला वर सपाट रेघ, चिठ्ठीवरच्या तीनला गोल डोकं. फांदी तोडल्याबरोबर चिठ्ठी बांधली जाते. ती बांधणाऱ्याचे हात चिकाने भरलेले असतात, पाऊसही असू शकतो, म्हणूनच पेन्सिल. शाईचं लेबल नंतर, टेबलाशी बसून लिहिलं जातं. फांदी तोडणारा आणि लेबल लिहिणारा असे दोघं होते, आणि खोड चिरून काटे तिरके कापणारा बहुधा पहिला.

नेमकी बोगनवेल निघाल्यामुळे त्या दुपारी झान बारेची आठवण टळणारी नव्हती.

वेलीला नाव मिळालं ते फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बूगेनव्हिल याचं. त्याच्या १७६६ ते १७६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेवर फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 'एत्वाल' या दुसऱ्या जहाजावर तो आपल्या नोकराला घेऊन चढला. नोकराचं नाव झाँ बारे. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना मनाई होती, आणि झाँ ही खरं तर झान होती : १७४० मध्ये बर्गंडीतल्या ला कोमेल गावी जन्मलेली, कॉमर्सनचं घर सांभाळणारी आणि त्याच्यासोबत पॅरिसला आलेली बाई. कॉमर्सनचं सामान इतकं होतं की कप्तानाने त्याला आपली मोठी खोली दिली. छाती बांधून राहणाऱ्या झानला त्या बंद दाराचा केवढा आधार झाला असेल.

जून १७६७ मध्ये जहाजं रिओ द जानेरोला होती आणि ही वेल तिथे गोळा झाली. ती झाननेच तोडली, असं हल्ली ठासून सांगतात. कॉमर्सनच्या पायाला जखम होती, यावरून काढलेला तो तर्क आहे, नोंद नव्हे. नोंद आहे ती मॅगेलनच्या सामुद्रधुनीतली, आणि ती खुद्द बूगेनव्हिलची : बर्फाळ डोंगरांवर ती मालकामागून गेली, शिधा, शस्त्रं आणि वनस्पतींच्या वह्या पाठीवर घेऊन. मालक तिला आपलं ओझ्याचं जनावर म्हणे. वनस्पतींच्या वह्यांचं ओझं काय असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. फळ्या, पट्टे आणि ओल शोषून जड झालेला कागद. ताजा नमुना आत गेला की कागद निदान सुरुवातीचे दिवस रोज बदलावा लागतो, ओला झालेला वाळवावा लागतो. लाकडी जहाजाच्या पोटात, समुद्राच्या दमट हवेत, हे काम न संपणारं.

एप्रिल १७६८ मध्ये ताहितीला उतरताच तिथल्या लोकांनी तिला घेरलं आणि ही बाई आहे म्हणून ओरडा केला. बूगेनव्हिलने पुढे तिची कबुली लिहून ठेवली आणि जगाला वळसा घालणारी ही पहिली बाई ठरेल, असंही लिहिलं. त्याच वर्षअखेर मॉरिशसला, म्हणजे तेव्हाच्या ईल द फ्रान्सला, दोघं उतरली आणि मोहीम पुढे गेली. कॉमर्सन तिथेच मार्च १७७३ मध्ये वारला. त्याच महिन्यात, मृत्यूची बातमी पोचलेली नसताना, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य निवडलं. झानने १७७४ मध्ये एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली; वळसा तिथे पुरा झाला. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिला वर्षाला २०० लीव्ह्र निवृत्तिवेतन दिलं. १८०७ मध्ये ती वारली.

कॉमर्सनच्या पेट्या पॅरिसला पोचल्या. बोगनवेलीचा वंश फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युसिएने १७८९ मध्ये प्रसिद्ध केला. कॉमर्सनच्या नावाने सत्तरहून अधिक जाती आहेत. झानच्या नावानेही त्याने एक वंश योजला होता, एकाच झुडपावर वेगवेगळ्या आकाराची पानं धरणाऱ्या मादागास्करच्या वनस्पतीसाठी. पण त्या वंशाला टुरिया हे नाव आधीच मिळालेलं होतं आणि वनस्पतिशास्त्रात आधीचं नाव टिकतं. तिच्या नावाची जात आली ती थेट २०१२ मध्ये : सोलॅनम बारेटिए, दक्षिण एक्वाडोर आणि उत्तर पेरूमधली, वांग्या-बटाट्याच्या वंशातली. हिचीही पानं एका आकाराची नसतात.

संध्याकाळपर्यंत सतरावी शीट नव्या, आम्लरहित कागदावर बसली. खोड सुती दोऱ्याच्या तीन टाक्यांनी, पानं जपानी कागदाच्या दोन मिलिमीटर पट्ट्यांनी; पट्ट्यांची टोकं कागदाला चिकटलेली, पानाला गोंद कुठेच नाही. सुटलेले तुकडे उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या पुडीत. चिठ्ठीला वेगळी पुडी, तीही त्याच शीटवर. जुन्या कागदाचा लेबलाचा भाग कापून तसाच चिकटवला. 'विषारी' हा शिक्का खाली डावीकडे.

संगणकावरच्या नोंदीत मुख्य संग्राहक हा रकाना भरला. 'सोबतचे संग्राहक' या रकान्यात 'अनामिक, चिठ्ठीवरचे हस्ताक्षर वेगळे' असं टंकलं. ते नाव यादीत नाही म्हणून प्रणालीने नाकारलं. शेऱ्याच्या रकान्यात ते बसलं, पण शेरा छापील लेबलावर येत नाही. मग तीच ओळ शीटवर, चिठ्ठीच्या पुडीखाली, पेन्सिलीने लिहिली. त्यानंतर अठरावी शीट घेतली. तिच्यावर ११४ होता, आणि खोड तसंच उभं चिरलेलं.